हाकेच्या अंतरावर

"आई, बाहेर ये," मी दारात जाऊन हळूच म्हणाले.

"हात भरले न माझे. काय झालं ते तिथूनच सांग."

"दादा दिसून राहिला. समोर, प्लॅटफॉर्मवर."

आत पाट्यावर मुगाची डाळ वाटण्याचा आवाज थांबला. आई तशीच उठून आली, पदर खोचलेला, हात डाळीनं माखलेले. गॅलरीत जुन्या धोतरावर मुगवड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर तिचा पाय पडणार तोच मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. दिवाळीआधी घर सोडून गेलेला तिचा मुलगा तिच्यासमोर उभा होता आणि आता होळी तोंडावर आली होती. वड्या तुडवल्या गेल्या असत्या तरी तिला कळलं नसतं.

"कुठं आहे?"

"तो काय, खांबाजवळ. निळा शर्ट."

आमचं घर म्हणजे नागपुरातल्या जुन्या विणकर वस्तीतल्या, विणकर चौकातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मेट्रो आली ती बरोबर आमच्या नाकासमोरून, आणि तिचा प्लॅटफॉर्म नेमका आमच्या गॅलरीच्या उंचीला आला. घरमालकांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली त्यांनी 'मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर' असं लाल रंगात लिहून घेतलं. असं सगळेच लिहितात, पण आमच्या बाबतीत त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. प्लॅटफॉर्मची मागची बाजू आमच्याकडे होती, मध्ये नुसता लोखंडी कठडा. माणसं गाडीकडे तोंड करून उभी राहत, म्हणून आम्हाला दिवसभर दिसत त्या फक्त पाठी.

आईला त्या पाठींचा नादच लागला होता. साडीला फॉल लावत ती गॅलरीत बसायची आणि एकेकाची कुंडली मांडायची. "हा पाहा, नवा जावई. मान कशी ताठ आहे, अजून सासऱ्यानं पाणी दाखवलं नाही याले." "ही बाई भांडून निघाली घरून." "हा साहेब नव्हे, साहेबाचा ड्रायव्हर आहे, पैज लाव." खरंखोटं कोण बघायला जातंय? बाबा गेल्यापासून ती एवढं कशातच रमलेली मी पाहिली नव्हती, म्हणून मी तिला चिडवायचे पण अडवायचे नाही.

खेमूदादाची पाठ मात्र कुंडली न मांडताही ओळखू आली. डाव्या पायावर सगळा भार देऊन उभं राहायची सवय, आणि हात मागे नेऊन कॉलर उगाच खाली ओढत राहायची. खांदे उतरले होते. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा होता, आणि काखेत फाईल.

मी कठड्याशी गेले. छाती भरून श्वास घेतला. "दादा" मधला 'दा' तोंडातून निघायच्या आत आईचा हात माझ्या तोंडावर आला, डाळीसकट. कच्च्या मुगाची, हिंगाची, मिरचीची चव जिभेवर पसरली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हाक नको मारू," ती म्हणाली.

मी तिचा हात झटकला. "अगं, निघून जाईल तो!"

"मागून हाक नको मारू म्हणते न. जाऊ दे त्याले."

तिला वाटत होतं ती कुजबुजते आहे. पण उभी हयात मागाच्या खटखटीत गेलेली माणसं कुजबुजत नसतात. आमच्या वस्तीत कोणालाच हळू बोलता येत नाही. पोरगी पाहायला आलेले पाहुणे बिचकतात, त्यांना वाटतं घरात भांडण चालू आहे. आईचं गुपित नेहमी चौकातल्या पानवाल्याला आमच्या आधी कळायचं.

आता ती अशी का वागली, ते सांगते.

मागच्या श्रावणात दादाला एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं होतं. त्याआधी चार ठिकाणी नकार आले होते आणि ही शेवटची संधी, नंतर वय सरत होतं. सकाळी तो जिना उतरून रस्त्यावर पोचला आणि आईला त्याचा रुमाल खुंटीवरच दिसला. तिनं गॅलरीतून आवाज दिला, "खेमू! रुमाल राहिला रे!"

तो थांबला. त्यानं वर पाहिलं. आईनं तेवढ्यात जीभ चावली होती, कारण कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये हे तिनंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्यावर उपायही आहे. हाक मारली गेलीच तर माणसानं परत घरात यावं, घटकाभर बसावं, घोटभर पाणी प्यावं आणि नव्यानं निघावं. मागचं निघणं पुसलं जातं.

"वर ये रे, बस जरासा. पाणी पिऊन जा," आई म्हणाली. गडू भरून हातात घेऊन उभीसुद्धा राहिली.

"गाडी चुकेल माझी," दादा म्हणाला आणि चालू लागला. रुमालही नेला नाही.

नोकरी मिळाली नाही. मिळायची नव्हतीच, तिथं आधीच कोणीतरी ठरलेला होता असं मागाहून सगळे सांगत होते. पण पडल्या माणसाला पाय कशाला अडखळला ते सांगावंच लागतं. दादा आठ-पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि एका संध्याकाळी आई त्याला जेवायला उठवायला गेली तेव्हा तो तिच्यावर जो उसळला तो उसळला.

"तुझ्या हाकेनं घात केला माझा! चांगला जात होतो. आजपासून मला मागून हाक मारायची नाही, कधीच. समजलं? मी मरायला निघालो तरी नाही मारायची."

आई तशीच ताट घेऊन उभी राहिली. मी दादाला बोलले, बरंच बोलले. पण खरं सांगू, त्याचा राग नाही आला मला. मुलाखतीत कोणी त्याला धड नावही विचारलं नव्हतं. ओरडायला त्याच्याजवळ घरात दोनच माणसं होती, आणि त्यातली एक मी, म्हणजे उलट ओरडणारी. त्यानंतर त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्राबरोबर खोली घेतली. फोन उचलेना. मित्र सांगायचा, बरा आहे, वेळ द्या त्याला. आईनं त्याचे ते शब्द देवाघरचे असल्यासारखे उरात जपून ठेवले.

तर त्या दुपारी समोर गाडीची सूचना चालू असताना ती मला तेच ऐकवत होती. "पाह्य न, इस्त्री केली त्यानं. फाईल आहे. कामाले चालला माझा खेमू. एवढ्या दिवसानं चांगलं होऊन राहिलं त्याचं, अन् आपण मागून टोकायचं? नको माय. जाऊ दे त्याले, जाऊ दे."

एक गाडी आली. दारं उघडली, मिटली, गाडी गेली. दादा चढला नाही.

"पाहिलं? तो थांबून राहिला," मी म्हणाले.

"दुसरीकडची असन ती."

"आई, या बाजूनं एकाच दिशेला जातात गाड्या!"

तिला ते पटलं असावं, कारण ती घुटमळली. मग तिलाच युक्ती सुचली, आणि तिनं मला आत ओढलं. "तू जा खाली. समोरून जाऊन भेट त्याले. समोरून चालते. म्हण, आई म्हणे काम झालं की घरी ये, मुगवड्याची भाजी करते. धाव!"

मी धावले. जिना, रस्ता, दुभाजक, पलीकडचं फाटक. तोंडाला डाळ तशीच होती, हे मला तपासणीच्या जागी उभ्या असलेल्या रखवालदार बाई माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा कळलं. तिकिटाच्या खिडकीशी एक आजोबा कुठं जायचंय ते सूनबाईला फोनवर विचारत होते. सरकत्या जिन्यावर बायका दोन्ही बाजू अडवून उभ्या. मी त्यांच्यामधून घुसले, शिव्या खाल्ल्या. वर पोचले तेव्हा गाडीचं शेवटचं दार माझ्यासमोरून सरकत पुढं गेलं.

एक रखवालदार बाई सोडल्या तर प्लॅटफॉर्मवर कोणी नव्हतं. खांबाजवळच्या बाकाशी जाऊन मी उभी राहिले आणि मागे वळले.

त्या बाजूनं आमचं घर मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. किती जवळ होतं! धोतरावरच्या वड्या मोजता आल्या असत्या. दारावरचं तोरण, दोरीवरचा माझा टॉवेल, आईच्या कपाळावरून ओघळणारा घाम. ती दोन्ही हात जोडून उभी होती, तो गेला त्या दिशेला तोंड करून.

"भेटला का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, आणि तिला ऐकू गेलं. या गोष्टीचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

पुढचे काही दिवस आमच्या घरात चक्क आनंद होता. आई म्हणजे हवेत. फॉल लावायला साड्या घेऊन आलेल्या बायकांना ती सांगायची, "खेमूचं काम झालं वाटते. लाजते तो सांगायले, सुंभ जळला तरी पीळ नाही जात त्याचा. येईन पेढे घेऊन." मुगवड्या वाळल्या, डब्यात भरल्या, वरून कागद बांधून ठेवला. तो आल्याशिवाय उघडायचा नाही म्हणाली. मीसुद्धा मनात म्हटलं, असू दे, एकदाचं म्हातारीचं शास्त्र फळाला येऊ दे.

पेढे नाही आले. दादाचा मित्र आला, दादाची बॅग घेऊन.

"इकडे आला असेल म्हणून मी गप होतो," तो म्हणाला. तो बिचारा दारातच उभा होता. "त्या दिवशीपासून खोलीवर आला नाही. फोन बंद."

"अन् ती नोकरी?" आईनं विचारलं.

"कोणती नोकरी? कुठं अर्जच करत नव्हता काकू. रोज दुपारी शर्टाला इस्त्री करायचा, फाईल घ्यायचा अन् म्हणायचा, घरी जाऊन येतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. घरी? दिवाळीपासून तो या उंबऱ्यावर आला नव्हता.

पोलिसात तक्रार झाली. ओळखीपाळखीची सगळी घरं, इस्पितळं, बसस्थानक, रामटेकचे मामा, सगळीकडे विचारून झालं. चार ठिकाणी फोटो चिकटवले आणि पाचवा चिकटवायला आम्ही दोघी समोरच्या स्टेशनवर गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्यासाठीच असावं. तपासणीवर त्या दिवशी दुसऱ्या रखवालदार बाई होत्या, त्या पुढं आल्या. छातीवरच्या पट्टीवर शेंडे असं नाव होतं. फोटो हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हा तं इथं बसे. हा तुमचा कोण होय?"

"भाऊ आहे माझा. कुठं बसायचा?"

"वर, खांबाजवळच्या बाकावर, खांबाच्या आड. दुपारचा ये, गाड्या सोडून दे, अन् मंग निघून जाय. पयले मले शंकाच आली. इथं तसं बसू देत नाही न. विचारलं त्याले, काहून बाप्पा गाड्या सोडून राहिला? तं हसला. म्हणे, काकू, मागं माझं घर आहे. माय गॅलरीतच असते. तिनं हाक मारली का उतरतो खाली."

मीच विचारलं, "मग वळून का नाही पाहिलं त्यानं? स्वतः का नाही आला?"

"मी बी तेच म्हटलं. जाय न बाबा मंग, कोणाची वाट पाहतं? तं म्हणे, नाही काकू, मीच एकदा वाईट बोललो तिले, हाक मारू नको म्हटलं. आता तिनं मारल्याबिगर कोणत्या तोंडानं जाऊ?" शेंडेबाईंनी फोटो उलटासुलटा केला. "चांगलं पोरगं होतं. शेवटल्या दिवशी मी वर ड्युटीले होती. त्या दिवशी तो खांबाआडून बाहेर येऊन उभा होता. तो गाडीत चढून राहिला होता. मले नवल वाटलं. म्हटलं, आज चालला का रे? हाक नाही आली?"

त्या थांबल्या. त्यांना आमच्याकडे पाहून काहीतरी कळलं असावं.

"सांगा," आई म्हणाली.

"म्हणे, ऐकलं काकू आताच. घरचे म्हणते, जाऊ दे त्याले."

जिन्यावरून माणसं चढत होती, उतरत होती. वर गाडीची सूचना झाली. माझ्या हातातल्या डिंकाच्या बाटलीचं झाकण पडलं आणि घरंगळत लांब गेलं, मी ते उचलायला गेले. दुसरं काही सुचलंच नाही. परत आले तेव्हा आई भिंतीला धरून खाली बसली होती आणि शेंडेबाई तिला पाणी देत होत्या, ती पीत नव्हती. जाऊ दे. दोन शब्द. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही आम्ही ते म्हणतो, भांडण मिटवताना म्हणतो, मेलेल्या माणसासाठी रडणाऱ्याला म्हणतो. आईनं ते देवाला म्हटलं होतं. जाऊ दे त्याला, अडवू नको, त्याचं भलं होऊ दे. हे मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक व्हायला हवं होतं त्याच्या कानांवर नुसतेच शब्द पडले.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. सरळ गॅलरीत गेली, कठडा धरला आणि ओरडली, "खेमू!"

समोरच्या सगळ्या पाठी एकदम वळल्या.

एवढी वर्षं आम्ही पाठीच पाहिल्या होत्या. त्या दिवशी चेहरे पाहिले. पोरं, पोरी, डबेवाली बाई, टोपी घातलेले काका, सगळे आमच्या घराकडे बघत होते. त्यांच्यात तो नव्हता. गाडी आली, चेहरे पुन्हा पाठी झाले आणि निघून गेले. आई पुढच्या गाडीची वाट पाहत उभी राहिली.

मग ते रोजचं झालं. सूचनेचा आवाज आला की हातातली साडी टाकून ती उठायची. कुठल्याही पाठीला हाक मारायची, निळा शर्ट असो की नसो. काही लोक हात करायचे, पोरं हसायची, एखादी बाई घाईनं पदर सावरून पुढं सरकायची, कारण कामाला निघताना मागून हाक कोणाला हवी असते? मी समजावलं, रडले, एकदा तर तिला आत कोंडून ठेवलं. ती दाराच्या आतून ओरडत राहिली. शेवटी मीच दार उघडलं आणि तिच्या पायाशी बसून राहिले. आशा सोडलेली माणसं शांत होतात म्हणे. मग आमच्या आईला आशा होती म्हणायची का? मला तसं कधी वाटलं नाही. एकदा न मारलेली हाक ती मारत होती, एवढंच.

पावसाळ्याच्या आधी प्लॅटफॉर्मच्या कठड्याला दुधी रंगाचे उंच पत्रे लागले. पाणी आत येऊ नये म्हणून असतील, किंवा आमच्यामुळे असतील, कोणाला विचारणार? आता पाठीही दिसेनात. संध्याकाळी दिवे लागले की पत्र्यांवर सावल्या हलायच्या तेवढ्याच. घरमालकांनी मात्र पाटी तशीच ठेवली. आई पत्र्यांना हाक मारू लागली.

याला आता बरीच वर्षं झाली. दादाचा पत्ता नाही. पोलिसांनी दोनदा ओळख पटवायला बोलावलं, दोन्ही वेळा तो नव्हता, आणि दोन्ही वेळा परत येताना मला सुटल्यासारखं वाटलं नाही. वड्यांचा डबा फळीवर आहे. त्याला जाळं लागलेलं मी पुसते, उघडत नाही. मूग मी कोणाच्याच घरी खात नाही.

गेल्या वर्षी मला एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. पहिल्या दिवशी निघताना आईच्या पाया पडले. ती बरं म्हणाली, इतकंच. स्टेशनवर गेले आणि मुद्दाम नाही, पण खांबाजवळच्या त्या बाकाशीच उभी राहिले. पाठीमागे पत्रे. गाडीची सूचना झाली.

"खेमू!"

पत्र्यापलीकडून आलेली ती हाक मी त्या बाजूनं पहिल्यांदाच ऐकली. गॅलरीत शेजारी उभं राहून ऐकताना ती म्हाताऱ्या बाईचा आरडाओरडा वाटते. तिथं उभी राहून ऐकली तर ती वेगळीच होती. इतकी स्पष्ट, इतकी जवळ, जणू कोणी पाठीवर हात ठेवला. भोवतालच्या रोजच्या माणसांपैकी कोणी मानही वळवली नाही. त्यांना सवय झाली होती. मला राहवलं नाही. "ओ!" मी म्हणाले, मोठ्यानं, आणि गाडी सोडून जिना उतरले.

पहिल्या दिवशी उशीर झाला तर होऊ दे. मागून हाक आली होती. परत जायचं, घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. निदान कोणीतरी ते करायला हवं होतं.

मी दारात पोचले तेव्हा आई गॅलरीतून आत आली होती. पाटावर बसली होती आणि तिच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला गडू होता. तिनं तो 'ओ' ऐकला होता. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तूच का," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले आणि गडूसाठी हात पुढं केला. तिनं तो माझ्यापासून बाजूला नेला, पाणी सांडू न देता.

"तुले माठातलं घे," आई म्हणाली. "हे त्याचं आहे."